रेप्लिका चालू असलेल्या व्हीएमचा बॅकअप रिस्टोर होत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या पतसंस्था, साखर कारखाने, डाळ मिल, दवाखाने आणि वाळूज-शेंद्र्याच्या लहान कंपन्या यांच्याकडे आता साधारण एकाच पद्धतीची मांडणी दिसते. मुख्य सर्व्हर ऑफिसात, त्यावर दोन-चार व्हीएम (सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक), त्यांची रेप्लिका (सतत ताजी होत राहणारी दुसरी प्रत) दुसऱ्या शाखेत किंवा छत्रपती संभाजीनगरला ठेवलेल्या सर्व्हरवर, आणि रोज रात्री बॅकअप. मांडणी चांगली आहे. अडचण येते ती रिस्टोरच्या दिवशी. खालचे प्रश्न त्याच दिवशी विचारले जातात. बहुतेक उत्तरं हायपर-व्हीला (व्हीएम चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) धरून आहेत, कारण आपल्याकडे तेच जास्त चालतं. व्हीएमवेअर आणि प्रॉक्समॉक्स या त्याच कामाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

रेप्लिका आहे ना, मग बॅकअप कशाला?

कारण रेप्लिका चूकसुद्धा पोहोचवते. हायपर-व्ही रेप्लिका दर ३० सेकंदांनी, ५ मिनिटांनी किंवा १५ मिनिटांनी बदल पलीकडे पाठवते. अकाउंटंटने अकरा वाजता मार्चची व्हाउचर्स उडवली, तर सव्वाअकराच्या आत ती पलीकडूनही उडालेली असतात. रिकव्हरी पॉइंट ठेवता येतात, पण जास्तीत जास्त मागच्या २४ तासांचे. शनिवारी रात्री शिरलेलं रॅन्समवेअर सोमवारी सकाळी ऑफिस उघडल्यावर दिसतं, तोवर साठवलेले सगळे पॉइंट खराब झालेले असतात. सर्व्हर जळाला, चोरीला गेला, मदरबोर्ड गेला, तर रेप्लिका कामाला येते. डेटा बिघडला, तर बॅकअप. दोन्ही लागतात.

सर, रिस्टोर मारायचंय. आधी काय करू?

आधी रिप्लिकेशन थांबवा. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे करा.

कारण असं. तुम्ही परवाचा बॅकअप मुख्य सर्व्हरवर रिस्टोर केला, की मुख्य व्हीएम परवाच्या स्थितीत जाते, आणि रेप्लिका मात्र आजच्या स्थितीत असते. रिप्लिकेशन पुन्हा जुळवलं की मुख्य बाजूचा जुना डेटा रेप्लिकेवर चढतो. रेप्लिकेत आज सकाळपर्यंतचा धड डेटा असला तर तोही गेला. मुख्य सर्व्हरची फक्त डिस्क खराब झालेली असताना, रेप्लिका अगदी शाबूत असताना, घाईत रिस्टोर मारून दोन दिवसांच्या पावत्या घालवल्याचे प्रसंग घडतात. पतसंस्थेच्या शाखेत मग पासबुकं बघून नोंदी पुन्हा कराव्या लागतात.

म्हणून क्रम हा ठेवा. मुख्य बाजूला व्हीएमवर राइट क्लिक करून रिप्लिकेशन पॉज करा. मुख्य सर्व्हर चालूच होत नसेल तर रेप्लिका सर्व्हरवरून पॉज करा. मग रेप्लिकेवर टेस्ट फेलओव्हर करून आत काय आहे ते बघा. टेस्ट फेलओव्हरने खऱ्या रेप्लिकेला धक्का लागत नाही. नावापुढे ‘टेस्ट’ लावलेली वेगळी व्हीएम उभी राहते. ती ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नका. आतला डेटा चांगला असेल तर रिस्टोरची गरजच नाही, सरळ फेलओव्हर करा, म्हणजे काम रेप्लिकेवर हलवा. खराब असेल तर बॅकअपकडे वळा, आणि तेव्हाही बिघडलेल्या व्हीएमवर थेट न चढवता वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने रिस्टोर करा. बिघडलेल्या डिस्कमध्येही बॅकअपनंतरचं काही सापडू शकतं. ती फाइल दोन-तीन दिवस तशीच राहू द्या.

टेस्ट फेलओव्हर झाल्यावर ‘स्टॉप टेस्ट फेलओव्हर’ करायला विसरू नका. ती टेस्ट व्हीएम महिनाभर पडून राहिली की तिची डिस्क फुगत जाते आणि रेप्लिका सर्व्हरची जागा संपवते.

रिस्टोर नीट झालं, पण आता ‘रीसिंक्रोनायझेशन रिक्वायर्ड’ दाखवतंय. बॅकअप खराब होता का?

नाही. बॅकअप चांगला आहे. मुख्य डिस्क मागच्या तारखेला गेल्यामुळे दोन्हीकडचा हिशेब जुळत नाही, म्हणून हायपर-व्ही दोन्ही डिस्क ताडून बघायला सांगतंय. रिस्टोर केलेल्या व्हीएममधला डेटा बरोबर असल्याची खात्री संबंधित माणसाकडून करून घ्या. अकाउंटची व्हीएम असेल तर अकाउंटंटने, दवाखान्याची असेल तर रिसेप्शनच्या ताईंनी बघून ‘हो’ म्हणायला हवं. त्यानंतरच रीसिंक सुरू करा.

रिस्टोर केलेलं नसतानाही हा संदेश येतो. रिप्लिकेशनची लाइन बरेच दिवस बंद राहिली आणि साठलेल्या बदलांच्या लॉग फाइल्स डिस्कच्या निम्म्या आकाराच्या पुढे गेल्या, की रीसिंक मागितलं जातं. जेसीबीने रस्ता खोदताना फायबर तोडली आणि आठवडाभर कुणी जोडली नाही, असं आपल्याकडे नेहमीचं आहे.

रीसिंकला किती वेळ? आमची लाइन १० एमबीपीएसची आहे.

रीसिंकमध्ये दोन्हीकडची डिस्क पूर्ण वाचली जाते, पण लाइनवरून फक्त वेगळे निघालेले भाग जातात. म्हणून पूर्ण कॉपीपेक्षा वेळ बराच कमी लागतो. तरी सर्व्हरच्या डिस्कवर ताण येतो, तेव्हा ऑफिस सुटल्यावर लावा. रीसिंकची वेळ ठरवून देण्याची सोय सेटिंगमध्ये आहे.

पूर्ण कॉपीच पाठवायची वेळ आली तर गणित करून बघा. ५०० जीबीच्या डिस्कला १० एमबीपीएसवर, लाइन एकदाही न तुटता, साडेचार दिवसांहून जास्त लागतात. १०० एमबीपीएसवर साधारण अकरा तास.

यावर एक चांगला उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. जो बॅकअप मुख्य सर्व्हरवर रिस्टोर केला, तोच बॅकअप पोर्टेबल डिस्कवर घेऊन रेप्लिका सर्व्हरवरही रिस्टोर करा. मग रिप्लिकेशन नव्याने चालू करताना ‘रेप्लिका सर्व्हरवर आधीच असलेली व्हीएम पहिली कॉपी म्हणून वापरा’ हा पर्याय निवडा. लाइनवरून फक्त मधला फरक जाईल. नांदेडहून संभाजीनगरला डिस्क घेऊन माणूस सहा-सात तासांत पोहोचतो. त्या लाइनवर पाच दिवस विसंबण्यापेक्षा हे केव्हाही बरं. डिस्क एन्क्रिप्ट करूनच प्रवासाला पाठवा, तीत सभासदांची खाती असतात.

रेप्लिका व्हीएमला स्टार्ट दाबलं, चालूच होईना.

ती तशी चालू होत नाही आणि होऊही नये. रेप्लिका बंद राहूनच बदल घेते. तिला चालू करण्याचा मार्ग फेलओव्हर हाच. मुख्य सर्व्हर जिवंत असेल तर प्लॅन्ड फेलओव्हर, म्हणजे शेवटचा बदलसुद्धा पोहोचतो. मुख्य सर्व्हर गेलेला असेल तर रेप्लिका बाजूने फेलओव्हर.

काहीजण वैतागून रेप्लिकेची डिस्क फाइल नव्या व्हीएमला जोडून सुरू करतात. असं करू नका. त्या फाइलमध्ये एक अक्षर जरी लिहिलं गेलं तरी रेप्लिकेची साखळी बिघडते. व्हीएमवेअरवर बॅकअप सॉफ्टवेअरने बनवलेल्या रेप्लिकेचंही तेच आहे. ती व्हीस्फिअरमधून (व्हीएमवेअरचं नियंत्रण सॉफ्टवेअर) हाताने पॉवर ऑन न करता त्या सॉफ्टवेअरच्या फेलओव्हरमधूनच चालू करायची.

बॅकअप मुख्य सर्व्हरवर घ्यावा की रेप्लिका सर्व्हरवर? रेप्लिकेवर घेतला तर मुख्य सर्व्हर मोकळा राहील ना?

राहील, पण तो बॅकअप कमी प्रतीचा असतो. रेप्लिका व्हीएम बंद असल्यामुळे तिच्या आतल्या एसक्यूएलला (डेटाबेस सर्व्हरला) ‘थांब, बॅकअप चालू आहे’ असं सांगायला कुणी नसतं. त्यामुळे तो बॅकअप म्हणजे चालू मशीनची वीज गेल्यावर डिस्कवर जे उरतं तेवढाच. शिवाय बॅकअप चालू असताना येणारे बदल रांगेत थांबतात, आणि लाइन मंद असेल तर रांग वाढत जाते.

मुख्य बाजूलाच बॅकअप घ्या, हेच ठाम सांगणं आहे. रेप्लिकेवर घेतलेलाच बॅकअप हाताशी असेल, तर आख्खी व्हीएम रिस्टोर न करता फक्त डिस्क फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, नवी व्हीएम बनवा आणि त्या तिला जोडा. रेप्लिकेची जुनी ओळख सोबत आली नाही की निम्मे एरर आपोआप टळतात.

‘चेन ऑफ व्हर्च्युअल हार्ड डिस्क्स’ बिघडली आहे, पॅरेंट आणि डिफरन्सिंग डिस्कची ओळख जुळत नाही, असा एरर येतो.

हा एरर बघून घाबरायला होतं, पण डेटा बहुतेक वेळा असतो. व्हीएमला चेकपॉइंट (त्या क्षणाच्या स्थितीची साठवलेली खूण) असले की मूळ व्हीएचडीएक्स, म्हणजे व्हीएमच्या डिस्कची फाइल, आणि तिच्यावर एव्हीएचडीएक्स फाइल्सचे थर असतात. वरचे थर असताना कुणी मूळ फाइल सरळ माउंट केली, वाढवली किंवा दुसऱ्या व्हीएमला लावली, तर तिची ओळख बदलते आणि वरचा थर तिला ओळखेनासा होतो.

पहिलं काम म्हणजे त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्सची दुसऱ्या डिस्कवर कॉपी. पुढचं सगळं त्या कॉपीवर करायचं. पॉवरशेलमधल्या गेट-व्हीएचडी कमांडने प्रत्येक एव्हीएचडीएक्सचा पॅरेंट कोण ते बघून साखळी कागदावर लिहून काढा. मग सेट-व्हीएचडीने पॅरेंटचा मार्ग पुन्हा जोडता येतो. ओळख जुळत नसतानाही जोडण्याचा ‘इग्नोर आयडी मिसमॅच’ हा पर्याय त्यात आहे. जोडल्यावर डिस्क नुसती वाचण्यापुरती माउंट करून फाइल्स उघडतात का ते बघा, आणि मगच मर्ज करा, म्हणजे थर मूळ फाइलमध्ये मिसळा. मूळ फाइलमध्ये खरोखर बरंच लिहिलं गेलं असेल तर जोडल्यावर आतल्या फाइल्स बिघडलेल्या निघतात. तसं दिसलं तर तिथेच थांबून त्याच्या आधीचा बॅकअप घ्या.

अशा फायली ‘फालतू जागा खातात’ म्हणून डिलीट करणारी माणसं भेटतात. एव्हीएचडीएक्स फाइल एक्सप्लोररमधून कधीच डिलीट करू नका. चेकपॉइंट काढायचा तो हायपर-व्ही मॅनेजरमधूनच.

व्हर्च्युअल स्विच (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) सापडत नाही म्हणून इम्पोर्ट थांबतं.

दोन्ही सर्व्हरवर स्विचचं नाव अक्षर न अक्षर सारखं ठेवा. आत्ताची अडचण असेल तर कम्पेअर-व्हीएम ही कमांड नेमकं काय जुळत नाही ते सांगते. किंवा इम्पोर्ट विझार्डमध्ये स्विच हाताने निवडा.

व्हीएम रिस्टोर झाली पण चालू करताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. आम्ही तर ॲडमिनिस्ट्रेटर आहोत!

डिस्क उघडायची असते ती व्हीएमला. हायपर-व्हीत प्रत्येक व्हीएमची स्वतःची सुरक्षा ओळख असते आणि डिस्क फाइलवर त्या ओळखीला परवानगी लागते. फाइल हाताने कॉपी केली की ती परवानगी गळून पडते. सोपा मार्ग असा: सेटिंगमधून ती डिस्क काढा, अप्लाय करा, आणि तीच डिस्क पुन्हा जोडा. जोडताना हायपर-व्ही परवानगी स्वतः लिहितो.

‘लॉगऑन फेल्युअर’ म्हणत असेल आणि कोडच्या शेवटी ८००७०५६९ असेल, तर कारण वेगळं. डोमेनच्या ग्रुप पॉलिसीने (ऑफिसातल्या सगळ्या मशीनना एकत्र लागू होणाऱ्या नियमांनी) ‘लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस’ हा हक्क ठरावीक खात्यांना दिला आणि त्यात व्हर्च्युअल मशीन्सचा गट राहिला. पॉलिसी ताजी करून तात्पुरतं निभतं, पण तो गट पॉलिसीत घातल्याशिवाय अडचण परत येत राहते.

अँटिव्हायरसही तपासा. व्हीएचडीएक्स, एव्हीएचडीएक्स फाइल्स आणि हायपर-व्हीच्या दोन मुख्य प्रोसेस होस्टच्या (व्हीएम ज्यावर चालतात त्या सर्व्हरच्या) स्कॅनमधून वगळलेल्या हव्यात.

वीज गेली, आली, आणि तेव्हापासून रिप्लिकेशनही बंद आणि रिस्टोरही.

दोन्ही सर्व्हरची घड्याळं बघा. डोमेनमधली ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही. सर्व्हर चार-पाच वर्षं जुना असेल, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल आणि यूपीएसही बसला असेल, तर वीज आल्यावर सर्व्हर भलत्याच तारखेला जागा होतो. त्यात डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) त्याच होस्टवरची व्हीएम असेल तर तोही होस्टकडून तीच चुकीची वेळ उचलतो. मग सगळं ऑफिस चुकीच्या वेळेवर चालतं आणि एरर मात्र ‘ऑथेंटिकेशन’चा दिसतो. बॅटरी बदला, होस्टला बाहेरच्या टाइम सर्व्हरशी जोडा, आणि डोमेन कंट्रोलरच्या व्हीएमचं होस्टकडून वेळ घेणं बंद करा.

दोन्ही सर्व्हर वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनशिवाय, असतील तर रिप्लिकेशन ४४३ पोर्टवर सर्टिफिकेटने चालतं. तिथे घड्याळाइतकीच सर्टिफिकेटची मुदत महत्त्वाची.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि वीजही तेव्हाच जास्त जाते. सर्व्हर खोलीचा एसी यूपीएसवर नसतो, सर्व्हर असतो. तापलेल्या खोलीत अर्धा तास चाललेल्या डिस्कवर रिस्टोर अर्ध्यात तुटू शकतं. रिस्टोर मध्येच थांबत असेल तर होस्टच्या सिस्टीम लॉगमध्ये डिस्कचे एरर आधी बघा.

व्हीएम चालू झाली, पण डी ड्राइव्ह गायब आहे, एसक्यूएल ‘रिकव्हरी पेंडिंग’ म्हणतंय.

रिप्लिकेशन लावताना कुठल्या डिस्क घ्यायच्या ते विचारलं जातं. त्या वेळी जागा वाचवायला कुणी एखादी डिस्क वगळली असेल, तर ती पलीकडे कधी गेलेलीच नसते. एसक्यूएलचा डेटा एका डिस्कवर, लॉग दुसऱ्या डिस्कवर, आणि दुसरी वगळलेली, असं झालं की डेटाबेस उघडत नाही. तसंच, व्हीएमच्या आतून नेटवर्कवरून (आयस्कझीने) जोडलेली नॅसची डिस्क किंवा व्हीएमला थेट दिलेली खरी (पास-थ्रू) डिस्क होस्टच्या बॅकअपमध्येही येत नाही आणि रेप्लिकेतही नाही. आजच प्रत्येक व्हीएमच्या डिस्कची यादी करा आणि बॅकअप व रेप्लिका या दोन्हींच्या यादीशी ताडून बघा.

सगळ्या डिस्क असूनही डेटाबेस उघडत नसेल तर जागा संपली आहे का ते बघा. उघडल्यावर डीबीसीसी चेकडीबी ही डेटाबेस तपासणारी कमांड चालवल्याशिवाय काउंटर चालू करू नका.

टॅली रिस्टोर केल्यावर कंपनी उघडत नाही.

एसक्यूएलला विंडोजच्या व्हीएसएसशी (बॅकअपसाठी डिस्कची स्थिर प्रत घेणाऱ्या सोयीशी) बोलणारा स्वतःचा रायटर आहे. बॅकअपच्या क्षणी तो लिहिणं थांबवतो. टॅलीचा डेटा नुसत्या फाइल्समध्ये असतो. लोक काम करत असताना व्हीएमचा बॅकअप झाला तर काही फाइल्स आधीच्या आणि काही नंतरच्या अशा येऊ शकतात. रात्री सगळ्यांनी टॅली बंद केल्यावरच व्हीएमचा बॅकअप लावा, आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअपही रोज वेगळा घ्या. मार्चअखेर जवळ आली की हे दोनदा तपासा.

एसक्यूएलचा रायटर तरी ठीक आहे का, हे बघायला व्हीएमच्या आत व्हीएसएस रायटर्सची यादी काढा. प्रत्येकासमोर ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ हवं. ‘फेल्ड’ दिसलं तर त्या रायटरची सर्व्हिस रीस्टार्ट करा. असे फेल्ड रायटर अनेक ठिकाणी महिनोन्महिने तसेच असतात, बॅकअप ‘वॉर्निंग’सह यशस्वी दाखवतो, आणि मेलमधली ती वॉर्निंग कुणी वाचत नाही.

डोमेन कंट्रोलरची व्हीएम रिस्टोर करायला भीती वाटते.

काळजी रास्त आहे. दुसरा डोमेन कंट्रोलर चालू असेल तर जुना रिस्टोरच करू नका. नवा विंडोज सर्व्हर टाकून त्याला डोमेन कंट्रोलर करा. एकुलता एक असेल तर विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हीएम-जनरेशन आयडीची सोय आहे, होस्ट आणि व्हीएम दोन्ही त्यानंतरचे असतील तर मागे गेल्याचं तिला कळतं. पण नुसती डिस्क फाइल जुन्या व्हीएमला लावून मागे जाऊ नका, त्यात ही खूण बदलतेच असं नाही.

व्हीएमवेअरचा जुना बॅकअप हायपर-व्हीवर रिस्टोर केला, निळा स्क्रीन येतो.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर परवान्यांची पद्धत बदलली आणि बऱ्याच लहान संस्था हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्सकडे वळल्या. त्यामुळे हा प्रश्न आता वारंवार येतो. मशीन सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत: जुनी व्हीएम बायोसवर असेल तर हायपर-व्हीत जनरेशन १ निवडा, यूईएफआयवर असेल तर जनरेशन २. बहुतेक निळे स्क्रीन इथेच मिटतात. लिनक्स असेल तर सुरुवातीच्या बूट इमेजमध्ये हायपर-व्हीचे स्टोरेज ड्रायव्हर घालून ती नव्याने बनवावी लागते. नेटवर्क कार्ड बदलल्याने आयपी पुन्हा द्यावा लागतो.

हायपर-व्हीवरून हायपर-व्हीवर नेतानाही एक मर्यादा आहे. विंडोज सर्व्हर २०१९ वर बनलेली व्हीएम २०१६ च्या होस्टवर रिस्टोर होत नाही. जुना, स्वस्तात मिळालेला सर्व्हर रेप्लिकेसाठी ठेवताना हे लक्षात घ्या.

टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप, इथे आभासी) असलेली व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर उघडत नाही.

तिची किल्ली मूळ होस्टच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये, ‘शील्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स’ या कप्प्यात असते. ती प्रायव्हेट की सकट आजच एक्स्पोर्ट करून दुसऱ्या सर्व्हरवर टाका. मूळ होस्ट जळाल्यावर ती कुठूनही मिळणार नाही.

प्रॉक्समॉक्सवर काय वेगळं?

तिथलं रिप्लिकेशन झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या स्नॅपशॉटवर (डिस्कच्या त्या क्षणाच्या चित्रावर) चालतं, वेळ न बदलल्यास दर १५ मिनिटांनी. रिस्टोर केल्यावर मूळ डिस्क नव्याने बनते, त्यामुळे दोन्हीकडे सामाईक स्नॅपशॉट उरत नाही. रिस्टोरच्या आधी जॉब काढा, नंतर नव्याने लावा. पहिली फेरी पूर्ण कॉपीची असेल.

मुख्य आणि रेप्लिका दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत आहेत. चालेल?

मशीन बिघडण्यापुरतं चालेल. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, आणि लातूर-धाराशिवच्या माणसाला इमारत म्हणजे काय याची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. नांदेडला गोदावरीचं पाणी चढलं की तळमजल्यावरच्या ऑफिसांना धोका असतो. रेप्लिका निदान दुसऱ्या गावात ठेवा. बॅकअपची एक प्रत अशी ठेवा की जी नेटवर्कवरून पुसताच येणार नाही, म्हणजे काढून कपाटात ठेवलेली डिस्क किंवा लॉक केलेलं क्लाउड स्टोरेज. बॅकअपचा पासवर्ड डोमेनच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, आणि तो बॅकअप घेतलेल्या सर्व्हरवरच लिहून ठेवलेला नको.

टेस्ट रिस्टोर कधी करावं?

तीन महिन्यांतून एकदा, आणि तेही तुमच्या धंद्याचं वेळापत्रक बघून. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू होण्याआधी, पतसंस्थेत मार्चच्या आधी, बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढण्याआधी. वेगळ्या प्रायव्हेट स्विचवर व्हीएम उभी करा, नाहीतर एकाच नावाचे आणि आयपीचे दोन सर्व्हर नेटवर्कवर येतील आणि पावत्यांचे नंबर दोन ठिकाणी पडू लागतील. सुरू होण्यापासून लॉगिन होईपर्यंत लागलेला वेळ लिहून ठेवा. संचालक मंडळ विचारतं ‘किती वेळात चालू होईल?’, तेव्हा द्यायचं उत्तर तेच.

मदतीला फोन करायचा तर हाताशी काय ठेवू?

एररचा पूर्ण फोटो, कोडसह. दोन्ही होस्टची विंडोज आवृत्ती. मुख्य आणि रेप्लिका दोन्हींची रिप्लिकेशन हेल्थची खिडकी. इव्हेंट व्ह्यूअरमधली हायपर-व्ही-व्हीएमएमएसची ॲडमिन लॉग फाइल. शेवटचा धड बॅकअप कोणत्या तारखेचा, आणि त्यानंतर कुणी काय काय करून बघितलं ते क्रमाने. यातलं शेवटचं सांगायला लोक कचरतात, पण बिघाड लवकर सापडतो तो त्यावरूनच. आणि फोन लागेपर्यंत पुन्हा रिस्टोर मारू नका, मशीन बंद-चालू करू नका. आत्ता आहे त्या स्थितीत ठेवा.